रांगली नाही, चालत नाही: थांबावे की तपासावे?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. मुलगी १५ महिन्यांची आहे, पूर्ण दिवस भरून जन्मलेली आहे आणि जन्माच्या वेळी कोणतीही अडचण आलेली नव्हती. ती कधी रांगली नाही. बसल्या बसल्या बुडावर सरकत घरभर फिरते, उभे करायला गेले की पाय वर उचलून घेते, मात्र चार-पाच शब्द बोलते, हवी ती वस्तू बोटाने दाखवते आणि हाक मारली की वळून पाहते. तपासणीच्या कागदावर 'सायकोमोटर विकासात विलंब' असा शेरा आला आहे, घरातील वडीलधारी माणसे 'तिचा बापही असाच उशिरा चालला' म्हणून धीर देत आहेत, आणि या दोहोंपैकी कोणाचे ऐकावे हे आपल्याला कळेनासे झाले आहे.

शेऱ्यातील शब्दापासून सुरुवात करते. सायकोमोटर विकास, पुस्तकी मराठीत मनोकारक विकास, म्हणजे मुलाच्या हालचाली आणि त्यांमागचे मन यांची एकत्र होणारी वाढ. पहिल्या दोन-तीन वर्षांत या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. सहा महिन्यांचे मूल खुळखुळ्याकडे हात नेते तेव्हा ते पाहते, अंतर जोखते, मूठ उघडते, धड सावरते आणि हाती आलेली वस्तू तोंडात घालून तिची ओळख करून घेते. यातले कोणते काम हाताचे आणि कोणते बुद्धीचे हे सांगणे अवघड आहे. म्हणूनच इतक्या लहान मुलाचे आकलन पाहताना आम्ही डॉक्टर प्रश्न विचारत नाही, ठोकळे पुढे ठेवतो. पण याच कारणाने हा शब्द फसवाही आहे. कागदावर तो दिसला की पालकांना तो मुलाच्या बुद्धीबद्दलचा निकाल वाटतो, आणि लिहिणाऱ्याला पुष्कळदा 'अजून चालत नाही' एवढेच म्हणायचे असते. त्यामुळे मोठ्या स्नायूंच्या हालचाली, हात आणि बोटांचे काम, भाषा, माणसांशी होणारा व्यवहार आणि आकलन हे प्रवाह आता स्वतंत्रपणे नोंदवले जातात. पाच वर्षांखालील मूल यांपैकी दोन किंवा अधिक प्रवाहांत लक्षणीय मागे असेल तरच 'सर्वांगीण विकासविलंब' हे निदान लागू होते. आपण केलेल्या वर्णनात मागे दिसतो तो एकच प्रवाह आहे, आणि ही बाब तिच्या बाजूने मोठी जमेची आहे.

आता वयाच्या आकड्यांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील ८१६ निरोगी मुलांचा पाठपुरावा करून हालचालींच्या सहा टप्प्यांच्या वयोमर्यादा २००६ साली प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिन्यांत, आधाराशिवाय उभे राहणे ६.९ ते १६.९ महिन्यांत आणि स्वतंत्रपणे चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांत येते. म्हणजे ठणठणीत मुलांमध्येही एखादे आठ महिने उलटताच पाऊल टाकते आणि एखादे त्याच्या दुप्पट वयाचे झाल्यावर. दीड वर्षापर्यंत न चालणाऱ्या प्रत्येक मुलाची तपासणी व्हावी हा आमचा नियम या वरच्या टोकाशी जुळतो. त्याच पाहणीत ४.३ टक्के मुले हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ साली आपली टप्प्यांची यादी सुधारली तेव्हा रांगणे त्यातून वगळले. मला स्वतःला ते फारसे रुचले नाही, कारण न रांगणे हा आजार नसला तरी 'मग मूल इकडून तिकडे जात कसे होते?' या प्रश्नाच्या उत्तरातून जेवढे कळते तेवढे दुसऱ्या कशातून कळत नाही.

मूल अपुऱ्या दिवसांचे असेल तर सर्व टप्पे सुधारित वयावर मोजायचे असतात. ४० ऐवजी ३२ आठवड्यांत जन्मलेल्या मुलाच्या वयातून दोन वर्षांपर्यंत आठ आठवडे वजा करावेत. हे साधे गणित विसरल्यामुळे घाबरून आलेली कितीतरी कुटुंबे मी पाहिली आहेत.

एकेका टप्प्याच्या वयात मुलामुलांमध्ये इतके अंतर का असते, याचे एक उत्तर फार सुंदर आहे. नवजात बाळाला काखेत धरून पाय टेकवले की ते पावले टाकल्यासारखे करते आणि दोन-तीन महिन्यांत ही हालचाल नाहीशी होते. मेंदूचा वरचा थर जागा झाला की तो ही आदिम प्रतिक्षिप्त क्रिया दाबून टाकतो, असे आम्हाला शिकवले जात असे. एस्थर थेलेन या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली अशा बाळांचे पाय पाण्यात सोडून पाहिले, तर पावले पुन्हा वाढली; पायांना छोटी वजने बांधली तेव्हा ती कमी झाली. या वयात मांड्यांवर चरबी झपाट्याने चढते, स्नायूंची ताकद तेवढ्या वेगाने वाढत नाही, आणि पाय उचलणे बाळाला जड जाते. चालणे हे असे मेंदू, स्नायू, शरीराचा बांधा, सांध्यांची लवचिकता, स्वभाव आणि सराव या सगळ्यांच्या मेळातून साधते. त्यामुळेच केवळ महिना पाहून मत देणे मला पटत नाही. मूल ती गोष्ट कशी करते, दोन्ही बाजूंनी सारखी करते का, आणि गेल्या दोन महिन्यांत पुढे सरकले का, हे मी आधी पाहते.

प्रत्यक्षात हे पाहणे असे असते. मुलाला आईच्या मांडीवरून उतरवून सतरंजीवर बसवते आणि पहिली पाच मिनिटे हात लावत नाही. पाठ ताठ आहे की कमानीसारखी वाकली आहे, बसताना हात टेकावे लागतात की दोन्ही हात खेळायला मोकळे आहेत, पाय समोर सैल आहेत की गुडघे कडक होऊन पावलांची टोके खाली वळली आहेत, हे सगळे तेवढ्यात दिसते. मग समोर, बरोबर मध्यभागी, एक ठोकळा ठेवते. कोणता हात पुढे येतो ते पाहून दुसरा ठोकळा मुद्दाम त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवते. पहिल्या हातात ठोकळा असताना दुसरा हात उघडून पुढे आला तर ठीक. पहिलाच हात धड ओलांडून पलीकडे जाऊ लागला तर माझे लक्ष त्या मागे राहिलेल्या हाताकडे जाते. दोऱ्याचा बारीक तुकडा उचलायला अंगठा आणि तर्जनीची टोके जुळतात का, हेही पाहते; ही चिमट नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास येते. त्यानंतर खांद्याला हलका धक्का देऊन मुलाला बाजूला कलवते. पडू लागलेल्या मुलाचा हात आपोआप त्या बाजूला टेकायला जातो. शेवटी त्याला पोटाशी धरून उचलते आणि डोके खाली करत सतरंजीकडे नेते. आठ-नऊ महिन्यांनंतर दोन्ही हात पंजे उघडून पुढे झेपावतात. एकच हात झेपावला आणि दुसरा मुठीत राहिला, तर कोणत्याही महागड्या चाचणीआधी निम्मे उत्तर हाती आलेले असते.

बुडावर सरकणारी मुले हा एक ओळखीचा गट आहे. त्यांना पालथे पडणे आवडत नाही, ती उशिरापर्यंत कुशीवरही वळत नाहीत, आणि काखेत धरून उचलले की पाय टेकण्याऐवजी हवेतच खुर्चीवर बसल्यासारखे गुडघे सरळ करून पुढे धरतात. अनेकांचे सांधे जरा सैल असतात. आई-वडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कोणीतरी असेच सरकलेले असणे ही फार नेहमीची गोष्ट आहे, त्यामुळे आपल्या घरच्यांचे म्हणणे मी बाजूला सारणार नाही. अशी मुले साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान चालू लागतात, काही त्याहूनही थोडी उशिरा, आणि पुढे इतरांत मिसळून जातात. मात्र सरकणे दोन प्रकारचे असते. धड सरळ ठेवून दोन्ही पायांनी सारखे रेटत जाणे वेगळे, आणि एकाच हाताने व एकाच पायाने ओढत, धड एका अंगाला कलवून जाणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात अर्ध्या अंगाचा अशक्तपणा आहे का, हे पाहिल्याशिवाय मुलाला घरी पाठवू नये. नितंबाचा सांधा जन्मतः निखळलेला किंवा उथळ नाही ना, हेही याच तपासणीत पाहावे. लंगोट बदलताना एक मांडी कमी फाकते किंवा एक पाय आखूड वाटतो, हे बहुधा आईच्याच आधी लक्षात आलेले असते आणि तिला कोणी विचारलेले नसते.

एका मुलाची गोष्ट सांगते. आठ महिन्यांचा मुलगा सर्दीसाठी आणला होता आणि घरचे कौतुकाने म्हणाले, हा आजोबांसारखा डावखुरा होणार. मुलांचा हात साधारण पहिल्या वाढदिवसाआधी ठरत नाही, पुष्कळांचा तर त्याच्याही बऱ्याच नंतर. आठव्या महिन्यात मूल डावखुरे दिसते तेव्हा बहुतेकदा त्याचा उजवा हात काम करत नसतो. त्याच्या उजव्या मुठीत अंगठा आत दुमडलेला होता आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या भागात जन्माच्या आसपासच्या काळात झालेल्या इजेची जुनी खूण होती. हा सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्याने येणाऱ्या हालचालींच्या विकाराचा, एकांगी प्रकार होय.

सेरेब्रल पाल्सी हा हालचालींच्या विकारांतील सर्वांत मोठा गट आहे. हजार जिवंत जन्मांमागे साधारण दोन मुले, असे त्याचे प्रमाण दीर्घकाळ सांगितले गेले आहे. वाढत्या मेंदूला झालेली इजा स्वतः पुढे वाढत नाही, पण तिचे परिणाम मुलाच्या वाढीबरोबर बदलत जातात: सैल वाटणारे बाळ वर्षभरात ताठर होते, आखडलेले स्नायू हाडांच्या वेगाने वाढत नाहीत आणि नितंबाचा सांधा हळूहळू सरकू शकतो. विल्यम लिटल या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला हा विकार अवघड बाळंतपणाशी जोडला आणि तो समज आजही घट्ट आहे. 'बाळ रडायला उशीर झाला का?' हा प्रश्न आईला इतक्यांदा विचारला जातो की ती स्वतःलाच दोषी धरू लागते. प्रत्यक्षात बहुतेक मुलांमध्ये कारणे गर्भावस्थेतच, किंवा अपुऱ्या दिवसांच्या जन्मात सापडतात. या निदानासाठी वर्ष-दोन वर्षे थांबण्याची जुनी पद्धत आता सोडायला हवी. तीन ते पाच महिन्यांच्या बाळाच्या मोकळ्या हालचालींमध्ये मान, धड आणि हातापायांची बारीक, सतत चाललेली चुळबुळ दिसते. हाइन्झ प्रेख्टल या संशोधकाने विकसित केलेल्या पद्धतीने ती पाहून आणि त्याला मज्जासंस्थेच्या तपासणीची व एमआरआयची जोड देऊन धोक्यातील बाळांमध्ये सहा महिन्यांच्या आतही बऱ्याच विश्वासाने निदान करता येते.

स्नायूंचे आणि मज्जातंतूंचे आजार संख्येने कमी, पण उशीर परवडत नाही असे. ड्युशेन स्नायुविकार जवळजवळ मुलग्यांनाच होतो. मुलगा उशिरा चालतो, वारंवार पडतो, पोटऱ्या नजरेत भरण्याइतक्या जाड दिसतात, आणि जमिनीवरून उठताना तो आधी हातांवर येतो, मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात ठेवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. क्रिएटिन कायनेज ही साधी रक्तचाचणी निदानाकडे बोट दाखवते. दीड वर्षाला न चालणाऱ्या प्रत्येक मुलग्याची ती करावी. याच आजारात यकृताच्या चाचण्यांतील एन्झाइम्सही वाढलेली दिसतात, कारण ती स्नायूंतही असतात, आणि अशा मुलांची यकृतासाठी महिनोन्‌महिने फिरवाफिरव झालेली मी पाहिली आहे. स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी या, स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी झिजवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे चित्र वेगळे असते: बाळाचे डोळे टपोरे, चेहरा हुशार, नजर सगळीकडे, पण पाय बेडकासारखे पसरलेले आणि जीभ बारीक थरथरणारी. २०१६ पर्यंत या आजारावर औषध नव्हते. त्या वर्षी पहिले औषध आणि २०१९ मध्ये जनुकोपचार मंजूर झाला, आणि दोन्हींचा गुण लक्षणे दिसण्याआधी उपचार केले तर सर्वाधिक येतो. इथे 'अजून एक महिना पाहू' हा सल्ला मुलाचे कायमचे नुकसान करतो.

येणे उशिरा होणे आणि आलेले जाणे या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आलेले कौशल्य मूल गमावू लागले, तर ते कोणत्याही वयात तातडीचे लक्षण समजावे. चार ते सात महिन्यांच्या आसपास बाळ झोपेतून उठताना एकामागून एक झटके देऊन वाकते, हात फाकतात, मान पुढे येते, आणि त्याच दिवसांत त्याचे हसणे कमी होते. पोटात कळ आली असेल किंवा दचकले असेल असे समजून हे आठवडेच्या आठवडे अंगावर काढले जाते. विल्यम वेस्ट या डॉक्टराने १८४१ साली 'द लॅन्सेट'ला पत्र लिहून या झटक्यांचे वर्णन केले, ते स्वतःच्या मुलाचे होते. हा अपस्माराचा एक प्रकार आहे. ईईजीने, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखाने, निदान होते आणि उपचाराला झालेल्या उशिराचा प्रत्येक आठवडा विकासाच्या हिशेबात मोजला जातो. वर्ष-दीड वर्षाच्या मुलीचा हातांचा उपयोग सुटून ती हात चोळत किंवा पिळत राहू लागली, तर रेट सिंड्रोम या जनुकीय विकाराचा विचार करावा.

सहज बरी होणारी कारणे मात्र आधी शोधावीत. जन्मजात थायरॉइडची कमतरता पहिल्या दोन आठवड्यांत ओळखून गोळी सुरू केली तर मेंदूची हानी टळते; उशीर झाला तर गेलेले पुरते परत मिळत नाही. आईच्या शरीरात ब१२ जीवनसत्त्वाचा साठा अत्यल्प असेल आणि बाळ केवळ तिच्या दुधावर असेल, तर सहा महिन्यांनंतर ते फिकट, निस्तेज होते, हसणे सोडते, बसायचे विसरते, बोटांच्या सांध्यांवर काळसर छटा येते. इंजेक्शन दिल्यावर काही दिवसांत तेच बाळ आईकडे पाहून हसते, तो दिवस डॉक्टरही विसरत नाहीत. ऐकणे आणि दिसणे तपासल्याशिवाय विकासाचे मूल्यमापन पुरे झाले असे मी मानत नाही.

शाळकरी वयात तक्रार वेगळ्या रूपात येते. मूल हुशार आहे, बोलते छान, पण शर्टाची बटणे लागत नाहीत, चेंडू झेलता येत नाही, अक्षर वाचवत नाही आणि वही फाटेपर्यंत खोडरबर चालतो. डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, बोलीभाषेत डिस्प्रॅक्सिया, शंभरातील पाच-सहा मुलांना असतो आणि बहुतेकांना त्याऐवजी 'आळशी' किंवा 'वेंधळा' हे शब्द मिळतात. पाचव्या वर्षाआधी हे निदान सहसा करू नये, कारण तोवर फरक फार मोठा असतो. आणि अशा मुलाला तोल सुधारण्याचे सर्वसाधारण व्यायाम महिनोन्‌महिने देण्यापेक्षा, त्याला जे काम जमवायचे आहे, सायकल म्हणा, नाडी बांधणे म्हणा, त्याचेच तुकडे पाडून सराव दिलेला अधिक उपयोगी ठरतो. वर्गातील लिहिण्याचे प्रमाण कमी करून घेणे ही सवलत आहे, लाड नव्हे.

उपचारांबद्दल पालकांच्या मनात एक क्रम ठरलेला असतो: आधी निदान, मग इलाज. विकासाच्या बाबतीत हा क्रम पाळायची गरज नसते. कारण शोधणे चालू असतानाच फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे जमवण्याचा सराव) सुरू करावी. थेरपिस्टने मुलाचे हातपाय हलवून देण्यापेक्षा मुलाने स्वतः काहीतरी मिळवण्यासाठी हालचाल करावी, यावर आता भर आहे. एकांगी सेरेब्रल पाल्सीत चांगला हात ठरावीक वेळ मोज्यात किंवा पट्टीत बांधून दुसऱ्याला कामाला लावण्याने खरोखर फरक पडतो. वर सांगितलेला मुलगा तिसऱ्या वर्षी उजव्या हाताने डबा धरून डाव्याने झाकण उघडत होता. मेंदूला तरतरी आणणारी म्हणून दिली जाणारी सिरपे मी लिहून देत नाही, कारण त्यांनी चालणे किंवा बोलणे लवकर आल्याचे मला पटण्याजोगे काही कधी आढळलेले नाही. चाकांच्या पांगुळगाड्यात बसवल्याने मूल लवकर चालत नाही, उलट थोडा उशीर होऊ शकतो, आणि जिन्यावरून पडण्याचा धोका इतका खरा आहे की कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली.

आपल्या मुलीकडे परत येते. तिची प्रत्यक्ष तपासणी या महिन्यातच करून घ्यावी. दीड वर्ष पुरे होण्याची वाट पाहू नये, कारण 'उभी राहत नाही' ही बाब आजच नोंदवण्याजोगी आहे. डॉक्टरांकडे जाताना दोन छोटे व्हिडिओ न्यावेत: एक ती सरकत असतानाचा, समोरून, कपडे कमी ठेवून; दुसरा ती बसून दोन्ही हातांनी खेळत असतानाचा. अनोळखी खोलीत मूल जे करत नाही ते या व्हिडिओत दिसते. तपासणीत सरकणे दोन्ही बाजूंनी सारखे असेल, गुडघ्याची आणि घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया नेहमीसारखी असेल, नितंबाचे सांधे ठीक असतील, स्नायूंत ताकद असेल आणि डोक्याचा घेर वयाच्या प्रमाणात वाढत असेल, तर एमआरआयची गरज नाही, आणि कोणी सांगितला तरी कारण विचारावे, कारण या वयात त्यासाठी बहुधा भूल द्यावी लागते. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिन कायनेज एकदा पाहिलेले मला चालेल.

घरी तिला सोफ्याच्या किंवा पलंगाच्या कडेशी, आपल्या मांडीवर घोडा करून बसवा, पावले पूर्ण जमिनीला टेकतील अशा उंचीवर, आणि आवडीची वस्तू सोफ्यावर इतकी दूर ठेवा की बूड उचलल्याशिवाय हात पोहोचणार नाही. पहिले काही दिवस ती चिडेल आणि पाय वर घेईल. तेव्हा जबरदस्ती न करता खेळ थांबवावा आणि तासाभराने पुन्हा मांडावा. पायांत काही घालू नये, अनवाणी पावलाला जमीन अधिक कळते. सहा आठवड्यांनी पुन्हा त्याच डॉक्टरांना दाखवावे आणि तेव्हा शेजारच्या मुलीशी तुलना न करता आजच्या व्हिडिओशी करावी.